झऱ्याचं कुंड आणि साठवणीचं तळं: बागेतलं पाणी ओळखायचं कसं

पन्हाळ्यावरची नागझरी पहिल्यांदा पाहणाऱ्याला तो साधा दगडी हौद वाटतो. घडीव दगड, उतरायला पायऱ्या, आत पाणी. जवळच सोमेश्वर तळं आहे, तिथेही दगडी बांधकाम, पायऱ्या आणि पाणी. खाली कोल्हापुरात रंकाळ्यावर भेळ खात बसलं की पुन्हा तेच चित्र दिसतं, फक्त शंभरपट मोठं. त्यामुळे ‘पाण्याकाठची बाग’ म्हटलं की सगळ्यांना एकच औषध दिलं जातं: गाळ काढा, काठ सिमेंटने बांधा, कारंजं लावा, दिवे लावा. तळ्याला यातलं काही मानवतं. झऱ्याला बहुतेक मानवत नाही.

फरक पाणी येतं कुठून यात आहे. पन्हाळ्याचा माथा जांभ्याचा. जांभा सच्छिद्र असल्याने पावसाचं पाणी आत मुरतं. त्याच्याखाली चिकट मातीचा थर आणि मग काळा कातळ. मुरलेलं पाणी या चिकणमातीवर अडतं, आडवं सरकतं आणि उताराला जिथे हा थर उघडा पडतो तिथे बाहेर येतं. म्हणून अशा डोंगरावरचे झरे साधारण एकाच उंचीच्या पट्ट्यात सापडतात. शिलाहार भोज दुसरा याच्या काळात, 12व्या शतकाच्या अखेरीस, इथे किल्ला उभा राहिला. गडाचं पाणी बाहेरून आणावं लागलं असतं, तर वेढा पडल्यावर तो महिनाभरही तगला नसता. पुढे गड थंड हवेचं ठिकाण झाला, बंगले आले, हॉटेलं आली, तबक उद्यानासारखी बाग झाली. पाण्याची मूळ रचना मात्र तीच राहिली: माथा झिरपतो, कडा पाझरते.

रंकाळ्याची गोष्ट उलटी. ही मुळात दगडाची खण, आणि भूकंपाने ती खचून तिथे पाणी साठलं अशी परंपरेने चालत आलेली कथा आहे. शेजारची इराणी खण नावातच आपलं मूळ सांगते. खणीत पाणी जमतं ते आजूबाजूच्या उतारावरून आणि नाल्यांतून. 1931 ते 1934 या काळात काठावर शालिनी पॅलेस उभा राहिला, नंतर चौपाटी, उद्यान, फिरण्याची वाट. पाणी बाहेरून येतं, त्यामुळे बाहेरचं सगळंच पाण्यात येतं. सांडपाण्यातलं नत्र आणि स्फुरद आलं की केंदाळ फोफावतं, शेवाळ वाढतं. शेवाळ रात्री पाण्यातला प्राणवायू खातं, म्हणून मासे मरतात ते बहुधा पहाटे. केंदाळ यंत्राने उचललं तरी सांडपाणी चालू असेल, तर अनुकूल हवेत पंधरवड्यात ते पुन्हा दुप्पट. कारंजं दिसायला छान. नाला अडवण्याचं काम ते करत नाही.

आता मोजमाप. झऱ्याच्या तोंडाशी 20 लिटरची बादली धरा आणि ती भरायला लागणारे सेकंद मोजा. तीनदा मोजून सरासरी घ्या. 40 सेकंद लागले तर मिनिटाला 30 लिटर, म्हणजे दिवसाला 43,200 लिटर. हे मे महिन्यात मोजायचं, ऑगस्टमध्ये नाही. पावसाळ्यात प्रत्येक ओहोळ स्वतःला झरा समजतो. हिरवळीला उन्हाळ्यात दिवसाला साधारण 5 मिलिमीटर पाणी लागतं, म्हणजे चौरस मीटरला 5 लिटर. हजार चौरस मीटर हिरवळीला 5,000 लिटर. या झऱ्यावर बाग आरामात चालेल. पण हेच पाणी साठवायला कुणी एक हेक्टरचं उथळ तळं केलं, तर दिवसाला 5 मिलिमीटर बाष्पीभवन धरून 50,000 लिटर हवेत जातील, झरा देतो त्याहून जास्त. झऱ्याखाली मोठा तलाव करून नौकाविहार सुरू करण्याच्या कल्पनेत हा हिशोब सहसा कुणी मांडत नाही.

हौदात पाणी झऱ्याचं की साठवणीचं हे बादलीशिवायही कळतं. थर्मामीटर घ्या. जमिनीतून येणाऱ्या पाण्याचं तापमान वर्षभर फारसं हलत नाही, त्यामुळे ते थंडीत कोमट आणि उन्हाळ्यात गार लागतं. साठवलेलं पाणी हवेबरोबर तापतं आणि निवतं. मोठ्या पावसानंतर काही तासांत झरा गढूळ झाला, तर समजायचं की पाणी नीट गाळलं न जाता फटींतून धावत येतंय. अशा झऱ्याचं पाणी तपासल्याशिवाय पिऊ नये. माथ्यावरच्या शोषखड्ड्यातलं पाणीही त्याच वाटेने येतं.

दुरुस्तीत चुका होतात त्या अशा. गाळ काढताना कामगार झऱ्याचं तोंड खोल खणतात. खालचा चिकणमातीचा थर फुटला की पाणी सरळ खाली उतरतं आणि कुंड कोरडं पडतं. डोंगराकडच्या भिंतीच्या दरजा सिमेंटने बुजवल्या तर पाणी दुसरीकडून फुटतं, बऱ्याचदा पायवाटेखालून, आणि वाट खचते. त्या बाजूला कोरडा दगडी बांध आणि मागे खडीची भर हवी. तिसरी चूक सगळ्यांत जास्त दिसते: पाणी जास्त दिसावं म्हणून कुंडाची ओसंडण्याची पातळी झऱ्याच्या तोंडाच्या वर चढवणं. मग साठलेलं पाणी उलटा दाब देतं आणि झरा आपली वाट बदलतो. ओसंडण्याचा मार्ग तोंडापेक्षा निदान एक वीत खाली ठेवावा. कुंडाच्या वरच्या अंगाला बोअर मारू नये, हे सांगायलाच नको, तरी सांगावं लागतं.

तळ्यात गाळ काढणं योग्यच, एप्रिल-मेमध्ये पाणी उतरल्यावर. पण मातीचा बांध असेल तर त्यावर मोठी झाडं नकोत. मूळ कुजलं की पोकळ नळी राहते आणि पाणी तिथून वाट काढतं. सांडव्यासमोर, म्हणजे तळ्याचं जादा पाणी बाहेर जातं त्या वाटेवर, चहाच्या टपरीचा ओटा बांधू नये.

दोन्ही प्रकार एकाच खोऱ्यात पाहायचे असतील तर कोल्हापूरजवळच्या कात्यायनीच्या डोंगराकडे जावं. वरच्या अंगाला डोंगरातले झरे, ज्यांचं पाणी एकेकाळी भुयारी नळाने शहरातल्या हौदांत येई. खाली 19व्या शतकाच्या उत्तरार्धात बांधलेला कळंबा तलाव. मे महिन्यात सकाळी आधी वर झऱ्याशी बादली लावावी, मग खाली उतरून तलावाची पातळी पाहावी.