डॉकर सर्व्हिस पीएस : सेवेच्या टास्कांची यादी

कंटेनरांच्या (प्रोग्राम आणि त्याला लागणाऱ्या गोष्टी एकत्र बांधलेल्या कप्प्यांच्या) क्लस्टरवर, म्हणजे एकत्र काम करणाऱ्या यंत्रांच्या समूहावर, चालणाऱ्या एखाद्या सेवेची टास्क (तिच्या एकेका प्रतीची कामे) कोणकोणत्या यंत्रांवर आहेत, प्रत्येक टास्क कोणत्या अवस्थेत आहे आणि आधीची टास्क कशामुळे बंद पडली, हे कमांड लाइनवर दाखवणारी आज्ञा. डॉकर या कंटेनर चालवणाऱ्या साधनाच्या स्वार्म पद्धतीत, म्हणजे अनेक यंत्रे एकत्र चालवण्याच्या पद्धतीत, ती ‘डॉकर सर्व्हिस पीएस’ अशी देतात आणि तिच्यापुढे सेवेचे नाव किंवा ओळख क्रमांक लिहितात. डॉकर 2013 मध्ये लोकांसमोर आले. स्वार्म पद्धत त्यात अंगभूत झाली ती 2016 मधील 1.12 या आवृत्तीत.

स्वार्ममध्ये सेवा म्हणजे एक मागणी असते : अमुक इमेजच्या (कंटेनर ज्यावरून बनतो त्या साच्याच्या) इतक्या प्रती सतत चालू असाव्यात. मॅनेजर नोड (क्लस्टरचा कारभार पाहणारे यंत्र; नोड म्हणजे क्लस्टरमधले एक यंत्र) या मागणीची टास्कांमध्ये फोड करतो, शेड्यूलर प्रत्येक टास्कला नोड ठरवून देतो आणि त्या नोडवर टास्कसाठी एक कंटेनर उभा राहतो. टास्कचा प्रवास एकाच दिशेने होतो. ‘न्यू’, ‘पेंडिंग’, ‘असाइन्ड’, ‘प्रिपेअरिंग’, ‘स्टार्टिंग’ अशा पायऱ्यांनी ते ‘रनिंग’पर्यंत जाते आणि शेवटी बहुधा ‘कम्प्लीट’, ‘फेल्ड’, ‘शटडाउन’ किंवा ‘रिजेक्टेड’ यांपैकी एका अवस्थेत थांबते. थांबलेले टास्क पुन्हा सुरू होत नाही. त्याच्या जागी नवे टास्क तयार होते. यादीत जुन्या ओळी का दिसतात याचे उत्तर याच नियमात आहे, आणि तो लक्षात न घेता यादी वाचणाऱ्याला तिचा अर्धा भाग निरर्थक वाटतो.

नवशिक्यांची नेहमीची गल्लत साधी ‘डॉकर पीएस’ आणि ही आज्ञा यांच्यात होते. साधी आज्ञा ज्या यंत्रावर दिली त्याच यंत्रावरचे कंटेनर दाखवते. सेवेच्या पाच प्रतींपैकी दोनच तेथे दिसल्या, तर बाकीच्या तीन बंद आहेत असा निष्कर्ष काढता येत नाही. ‘डॉकर सर्व्हिस एलएस’ सगळ्या सेवा दाखवते. परंतु पाचपैकी तीन प्रती चालू आहेत एवढी संख्या सांगून ती थांबते, उरलेल्या दोन कुठे आणि का अडल्या हे सांगत नाही. हा ‘का’ कळण्यासाठी टास्कांची यादीच पाहावी लागते. ती मॅनेजर नोडवरूनच मिळते, कारण क्लस्टरची नोंद मॅनेजरांकडे असते. वर्कर नोडवर (केवळ टास्क चालवणाऱ्या यंत्रावर) दिलेली आज्ञा नाकारली जाते.

यादीत ओळख क्रमांक, नाव, इमेज, नोड, अपेक्षित अवस्था, सध्याची अवस्था, त्रुटी आणि पोर्ट असे स्तंभ येतात. यांत अपेक्षित आणि सध्याची अवस्था यांची जोडी सर्वांत मोलाची आहे. पहिली मॅनेजरची इच्छा सांगते, दुसरी नोडने शेवटी कळवलेली वस्तुस्थिती. दोन्हींकडे ‘रनिंग’ असेल तर चिंता नाही. अपेक्षित ‘रनिंग’ आणि सध्या ‘पेंडिंग’ असेल तर टास्कला अजून जागाच मिळालेली नाही; अशा वेळी त्रुटीच्या स्तंभात बहुधा योग्य नोड नसल्याचा संदेश असतो आणि स्मृती (मेमरी) अपुरी असणे किंवा नोडसाठी घातलेली अट पुरी न होणे हे त्याचे नेहमीचे कारण असते. अपेक्षित अवस्था ‘रेडी’ दिसली तर आधीचे टास्क नुकतेच कोसळले असून नवे टास्क पुन्हा सुरू होण्याआधीचा विराम घेत आहे असे समजावे. हा विराम मुळात 5 सेकंदांचा असतो.

एका उदाहरणाने हे स्पष्ट होईल. इंदुरात गणेशोत्सवाच्या दिवसांत मराठी मंडळांच्या नाटकांना आणि गाण्याच्या बैठकींना मोठी उपस्थिती असते. अशा एखाद्या मंडळाने जागा राखून ठेवण्याची सेवा तीन यंत्रांच्या क्लस्टरवर चालवली आहे असे समजू. यंत्रांना राजवाडा, पलासिया आणि परदेशीपुरा अशी शहरातल्या ठिकाणांची नावे दिली आहेत, तिन्ही यंत्रे मॅनेजर आहेत, सेवेचे नाव ‘आसन’ आहे आणि तिच्या पाच प्रती मागितल्या आहेत. सर्व सुरळीत असताना यादीत पाच ओळी दिसतात. टास्कांची नावे सेवेच्या नावापुढे टिंब आणि अनुक्रमांक देऊन तयार होतात, म्हणजे आसन.1 ते आसन.5. यांपैकी आसन.2 आणि आसन.5 परदेशीपुऱ्यावर आहेत आणि त्या यंत्राची वीज गेली, असे धरू.

थोड्याच वेळात यादी सात ओळींची होते. आसन.2 आणि आसन.5 यांची नवी टास्क राजवाडा व पलासिया यांवर उभी राहतात आणि जुनी टास्क त्यांच्याखाली उलटी तिरकी रेघ व अधोरेघ लावून दाखवली जातात. या जुन्या ओळींत अपेक्षित अवस्था ‘शटडाउन’ असते. सध्याच्या अवस्थेत मात्र ‘वीस मिनिटांपूर्वी रनिंग’ असे लिहिलेले राहू शकते. यंत्र बंद पडलेले असताना टास्क चालू कसे, असा प्रश्न येथे अनेकांना पडतो. ती त्या यंत्राकडून आलेली शेवटची खबर असते. त्यानंतर यंत्राचा संपर्कच नसल्याने मॅनेजरला नवे काही कळलेले नसते. यंत्र मुळीच परतले नाही, तर सर्वसाधारण मांडणीत 24 तासांनी अशी टास्क ‘ऑर्फन्ड’, म्हणजे अनाथ, ठरतात.

वीज आल्यावर परदेशीपुरा क्लस्टरमध्ये परत येतो, पण पाचही चालू टास्क उरलेल्या दोन यंत्रांवरच राहतात. चालू कंटेनर उगाच बंद करावे लागू नयेत म्हणून स्वार्म आपण होऊन फेरवाटणी करत नाही. ऐन गर्दीच्या संध्याकाळी एक यंत्र रिकामे आणि दोन दमलेली, ही स्थिती प्रतींच्या संख्येवरून अजिबात कळत नाही. संख्या पाचपैकी पाच अशीच दिसते. नोडचा स्तंभ वाचणाऱ्यालाच ती दिसते. फेरवाटणी हवी असल्यास ‘सर्व्हिस अपडेट’ला ‘फोर्स’ हा पर्याय जोडतात. त्यामुळे टास्क नव्याने तयार होतात, म्हणून हे काम कार्यक्रमाच्या वेळेआधी उरकणे शहाणपणाचे.

त्रुटीचा मजकूर यादीत मध्येच तोडलेला असतो. ‘नो-ट्रंक’ पर्यायाने तो पूर्ण वाचता येतो, 25 अक्षरांचा संपूर्ण ओळख क्रमांक मिळतो आणि इमेजचा डायजेस्टही (तिच्या आशयावरून काढलेला ठसाही) दिसतो. दोन यंत्रांवर एकाच टॅगखाली (आवृत्तीच्या नावाखाली) वेगवेगळ्या इमेज चालू असल्याचा संशय आल्यास हा डायजेस्ट ताडून पाहावा. ‘फिल्टर’ने नाव, नोड किंवा अपेक्षित अवस्था यांनुसार निवड करता येते, फक्त चालू असावीत अशी टास्क हवी असल्यास अपेक्षित अवस्था ‘रनिंग’ द्यावी. रोजच्या देखरेखीसाठी ही चाळणी सोयीची आहे, पण बिघाड शोधताना ती काढून टाकावी, कारण तिच्यामुळे नेमक्या कोसळलेल्या ओळी झाकल्या जातात. ‘क्वायट’ केवळ ओळख क्रमांक देतो. स्क्रिप्टमध्ये त्याचा उपयोग होतो.

जुन्या टास्कांचा इतिहास अमर्याद साठत नाही. त्याची मर्यादा मुळात 5 असते आणि ‘स्वार्म अपडेट’मधील ‘टास्क-हिस्टरी-लिमिट’ने ती बदलता येते. दर काही सेकंदांनी कोसळणाऱ्या सेवेत मूळ बिघाडाची ओळ त्यामुळे लवकरच यादीबाहेर जाते, म्हणून पहिली यादी लगेच जपून ठेवावी. त्रुटीत 137 हा निर्गमांक (प्रक्रिया संपताना मिळणारा आकडा) आढळल्यास प्रक्रिया सक्तीने मारली गेली असे समजावे. 128 मध्ये 9 या सिग्नलचा (प्रक्रिया मारण्याच्या इशाऱ्याचा) क्रमांक मिळवून तो येतो आणि स्मृतीची मर्यादा ओलांडणे हे त्याचे वारंवार आढळणारे कारण आहे. कंटेनरच्या आत शिरून पाहायचे असेल, तर यादीतून नोड शोधून त्या यंत्रावर जावे लागते. मॅनेजरवरून ‘डॉकर एक्झेक’ दुसऱ्या यंत्रातील कंटेनरपर्यंत पोहोचत नाही.

कुबरनेटीस या दुसऱ्या कंटेनर-व्यवस्थेत याच कामासाठी लेबल देऊन पॉडांची (एकत्र चालणाऱ्या कंटेनरांच्या गटांची) यादी मागवतात. तेथे कोसळलेला कंटेनर बहुधा त्याच पॉडमध्ये पुन्हा सुरू होतो आणि पुनरारंभांची संख्या एका स्तंभात वाढत जाते. स्वार्ममध्ये प्रत्येक प्रयत्नाची स्वतंत्र ओळ होते आणि तिचे कारण तिच्याजवळच राहते. बिघाडाचा क्रम समजून घेण्यास ही दुसरी रीत अधिक उपकारक आहे. ॲमेझॉनच्या ईसीएस या कंटेनर-सेवेत ‘लिस्ट-टास्क्स’ ही आज्ञा केवळ टास्कांचे ओळख क्रमांक देते आणि तपशिलासाठी ‘डिस्क्राइब-टास्क्स’ वेगळी द्यावी लागते.

मॅनेजरांचे बहुमत उरले नाही तर यादी मिळत नाही. वरील उदाहरणात तीनपैकी दोन यंत्रे एकाच वेळी गेली, तर उरलेल्या यंत्रावरचे कंटेनर चालू राहतात आणि तेथील जागा राखणेही सुरू राहू शकते, पण सेवेची टास्क दाखवण्याची आज्ञा नेता (मॅनेजरांनी बहुमताने निवडलेला मुख्य मॅनेजर) नसल्याची त्रुटी देते. तेवढ्या वेळापुरती त्या यंत्रावर दिलेली साधी ‘डॉकर पीएस’च उपयोगी पडते.