बेट परिषदांकडे सेवा व निधीचे हस्तांतरण (मालदीव)

मालदीव प्रजासत्ताकात बंदर, रस्ते, स्वच्छता, कचरा, जमीनवाटप यांसारखी कामे आणि त्यांसाठी लागणारा पैसा केंद्रीय मंत्रालयांकडून निवडून आलेल्या बेट परिषदांकडे सोपवण्याची प्रक्रिया. तिचा पाया 2008 च्या राज्यघटनेत आणि 2010 च्या विकेंद्रीकरण कायद्यात आहे. कामे कायद्याने लवकर सोपवली गेली. पैसा बऱ्याच वर्षांनी आला. शिक्षक, डॉक्टर आणि वीज केंद्रांवरचे कर्मचारी मात्र अजूनही मुख्यतः मंत्रालयांच्या व सरकारी कंपन्यांच्या हाताखाली आहेत. मालदीवच्या विकेंद्रीकरणाचे यशापयश समजून घ्यायचे तर कामे, पैसा आणि माणसे यांच्या हस्तांतरणात पडलेले हे अंतर आधी पाहावे लागते.

भूगोलामुळे या प्रश्नाला धार आली आहे. देशातल्या सुमारे 1,200 प्रवाळ बेटांपैकी 190 च्या आसपास बेटांवर वस्ती आहे. ही बेटे उत्तर-दक्षिण 800 किलोमीटरांहून लांब पट्ट्यात, कंकणद्वीपांच्या (मधल्या उथळ पाण्याभोवती कड्यासारख्या पसरलेल्या प्रवाळ बेटांच्या समूहांच्या) साखळीत विखुरलेली आहेत. 2022 च्या जनगणनेत लोकसंख्या 5 लाखांच्या वर गेली आणि त्यातले सुमारे 40 टक्के लोक एकट्या राजधानी माले परिसरात राहत होते. उरलेल्या कित्येक बेटांवर हजारभरही माणसे नाहीत. तरीही प्रत्येक वस्तीच्या बेटाला स्वतःची शाळा, आरोग्य केंद्र, वीज, पिण्याचे पाणी आणि होड्या लागण्यासाठी धक्का हवाच असतो, कारण शेजारच्या गावाची सोय वापरायची म्हटले तर मध्ये समुद्र आहे. 300 वस्तीच्या बेटालाही जनित्र लागते. त्यामुळे माणशी खर्च लहान बेटावर नेहमीच जास्त येतो, आणि निधीवाटपाचे कोणतेही सूत्र केवळ लोकसंख्येवर बांधले तर ते अशा बेटांवर अन्याय करते.

पूर्वीची व्यवस्था पूर्णपणे मालेकेंद्री होती. बेटाचा कारभार ‘कतीब’ पाहत असे आणि कंकणद्वीपावर त्याचा वरिष्ठ प्रमुख असे. दोघांची नेमणूक राजधानीतून होई. लोकांच्या मागण्या त्यांच्यामार्फत वर जात आणि हुकूम त्यांच्यामार्फत खाली येत. दुरावलेल्या दक्षिणेत या केंद्रीकरणाविरुद्धचा रोष जुना आहे. अड्डू, हुवाधू आणि फुवाहमुला यांनी 1959 मध्ये ‘संयुक्त सुवादीव प्रजासत्ताक’ घोषित केले होते आणि ते 1963 पर्यंत टिकले. त्यामागे इतरही कारणे होती. पण व्यापार, कर आणि प्रवास यांवरची मालेची पकड हे त्यांतले ठळक कारण होते, हे विसरता येत नाही.

2008 च्या घटनेने निर्वाचित परिषदांची तरतूद केली. त्याच वर्षी सत्तेवर आलेले राष्ट्राध्यक्ष मोहम्मद नशीद यांनी देशाची सात प्रांतांत विभागणी करायची योजना आखली, प्रांतवार वीज-पाणी कंपन्या आणि आरोग्य महामंडळे उभी केली. संसदेतील विरोधकांना प्रांत मान्य नव्हते. अखेर 2010 च्या कायद्यात कंकणद्वीप परिषद, बेट परिषद आणि शहर परिषद अशी रचना आली. फेब्रुवारी 2011 मध्ये पहिल्या निवडणुका झाल्या आणि कतीबाच्या कचेरीत लोकांनी निवडलेले सदस्य बसले. मालदीवच्या इतिहासातला हा फार मोठा बदल आहे. त्याला राजधानीतल्या सत्तांतरांइतके महत्त्व मिळत नाही, ते मिळायला हवे.

प्रत्यक्ष अधिकार मात्र तोकडे राहिले. परिषदांना मिळणारी रक्कम प्रामुख्याने पगार आणि कार्यालयीन खर्चात संपे. धक्क्याची दुरुस्ती असो वा बंदरातला गाळ काढणे, प्रस्ताव मालेला पाठवून मंजुरीची वाट पाहावी लागे. 2012 मध्ये प्रांतवार वीज-पाणी कंपन्या गुंडाळून त्यांचे काम ‘फेनाका’ या एकाच सरकारी कंपनीकडे दिले गेले, आणि आरोग्यसेवा पुन्हा मंत्रालयाकडे गेली. त्यानंतरच्या सरकारच्या काळात माले शहर परिषदेकडून रस्ते आणि उद्यानांचा ताबाही गृहनिर्माण मंत्रालयाने काढून घेतला. राजधानीची परिषद विरोधी पक्षाच्या हाती होती, हा निव्वळ योगायोग मानणे कठीण आहे. साध्या आदेशाने दिलेला अधिकार साध्या आदेशाने परत घेता येतो, याचा अनुभव परिषदांना तेव्हा आला.

वळण आले ते राष्ट्राध्यक्ष इब्राहिम मोहम्मद सोलिह यांच्या काळात, 2019 मध्ये झालेल्या विकेंद्रीकरण कायद्याच्या आठव्या दुरुस्तीने. राज्याच्या महसुलातील किमान 5 टक्के हिस्सा परिषदांना अनुदान म्हणून द्यावा, असे बंधन कायद्यातच आले. हा निधी बराचसा अबंधित, म्हणजे ठरावीक कामाशी न बांधलेला आहे. कोणत्या कामाला किती, हे परिषदेने आपल्या विकास आराखड्यानुसार ठरवायचे. हद्दीतील जमिनी, खारकच्छे (प्रवाळांनी वेढलेले उथळ पाणी) आणि निर्जन बेटे भाड्याने देऊन येणाऱ्या उत्पन्नातही परिषदांचा वाटा मान्य झाला. ज्या देशाची तिजोरी निर्जन बेटांवरील पर्यटन निवासांच्या भाड्यावर आणि करांवर भरते, तिथे या तरतुदीचे मोल मोठे आहे. सदस्यांची मुदत तीनवरून पाच वर्षे झाली, परिषदांतील 33 टक्के जागा स्त्रियांसाठी राखल्या गेल्या आणि निवडून येणाऱ्या महिला विकास समित्यांना परिषदेच्या अनुदानातून 5 टक्के देण्याचे ठरले. या नियमांनुसार व्हायच्या निवडणुका कोविडमुळे लांबून एप्रिल 2021 मध्ये झाल्या.

महसुलाशी बांधलेल्या हिश्शाची दुसरी बाजूही आहे. साथीच्या काळात पर्यटन थांबले तसा महसूल कोसळला, आणि ज्यांना प्रथमच स्वतःचा निधी मिळायचा होता त्या परिषदांची सुरुवातच तंगीत झाली. शिवाय मोठी बांधकामे, म्हणजे बंदरे, किनारा संरक्षण, सांडपाणी योजना, अजूनही मुख्यतः राष्ट्रीय अर्थसंकल्पातून आणि सरकारी कंपन्यांमार्फत होतात. किनाऱ्याची धूप सुरू झाली की लोक परिषदेच्या अध्यक्षाला जाब विचारतात, पण बंधारा बांधण्याइतका पैसा आणि यंत्रसामग्री त्याच्याकडे नसते. लेखापाल, अभियंता, नियोजनकार मिळणे ही तर लहान बेटांची कायमची अडचण आहे. शिकलेली मुले मालेला जातात आणि तिथेच राहतात. परिषदांवर देखरेख व प्रशिक्षणाची जबाबदारी असलेल्या स्थानिक शासन प्राधिकरणाचे काम त्यामुळे कारभाराच्या नियमांइतकेच मनुष्यबळाचेही आहे.

इतर बेटसमूहांशी तुलना केली तर फरक दिसतो. प्रशांत महासागरातल्या तुवालू या देशाने 1997 च्या कायद्याने बेटांच्या पारंपरिक सभांना मान्यता दिली आणि 1999 मध्ये त्यांच्यासाठी स्वतंत्र विश्वस्त निधी स्थापला. त्या गुंतवणुकीच्या उत्पन्नातून बेटांना विकासकामांसाठी पैसा मिळतो, त्यामुळे दरसालच्या अर्थसंकल्पावरचे त्यांचे अवलंबन काहीसे कमी झाले. मालदीवच्या उत्तरेला लागून असलेल्या लक्षद्वीपमध्ये 1994 च्या विनियमाने दहा वस्तीच्या बेटांवर पंचायती आणि त्यांवर एक जिल्हा पंचायत आली. तिच्याकडची शिक्षण, आरोग्य, कृषी, मत्स्यव्यवसाय आणि पशुसंवर्धन ही पाच खाती 2021 मध्ये प्रशासनाने परत आपल्याकडे घेतली.

मालदीवमध्ये हिश्शाची टक्केवारी आता कायद्यात आहे, ती बदलायची तर संसदेत उघड चर्चा करावी लागते. शाळा, आरोग्य केंद्रे आणि वीज यांचे कर्मचारी व अंदाजपत्रक परिषदांकडे कधी आणि किती प्रमाणात जाणार, हा मुद्दा मात्र खुलाच आहे, आणि बेटावरच्या माणसाचा रोजचा संबंध मुख्यतः याच तीन सेवांशी येतो.