ट्रॅक्टर रोखीनं घ्यायचा की फायनान्सवर? दोन्ही कोटेशन मागा

दुकानात पाऊल ठेवल्यावर बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, "हप्ता किती बसेल?" एकूण किती जातील, हे विचारणारे थोडे. म्हणून हे माहितीपत्रक. आम्ही ट्रॅक्टर विकतो आणि फायनान्सची फाईल पुढं गेली की फायनान्स कंपनीकडून आम्हाला कमिशनही मिळतं. हे आधीच सांगितलेलं बरं. पुढचं वाचताना तेही लक्षात असू द्या.

दसरा-दिवाळी किंवा पाडवा जवळ आला की फलक लागतात: कमी व्याज, कमी डाऊन पेमेंट, पहिला हप्ता सहा महिन्यांनी. कमी व्याजाचे पैसे कुणीतरी भरत असतंच. बहुधा कंपनी किंवा डीलर ते रोखीवर द्यायच्या सवलतीतून वळवतो. म्हणजे फायनान्सची ऑफर घेतली की रोखीची सूट गेली. रिझर्व्ह बँकेनं 2013 सालीच बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज असं काही नसतं, ते कुठं ना कुठं किमतीत लपलेलं असतं. म्हणून एकाच मॉडेलची दोन कोटेशन लेखी मागा, एक रोखीचं आणि एक फायनान्सचं. आमच्याकडंही मागा.

आता आकडे. हे समजण्यापुरते घेतले आहेत, तुमच्या मॉडेलचे वेगळे असतील. ट्रॅक्टरची किंमत 8,00,000 रुपये, रोखीवर 40,000 सूट, म्हणजे 7,60,000. फायनान्सवर घेतला तर सूट नाही. डाऊन पेमेंट 2,00,000, कर्ज 6,00,000, मुदत पाच वर्षं, व्याज "फक्त 8 टक्के फ्लॅट", हप्ता सहामाही.

फ्लॅट म्हणजे तुम्ही मुद्दल फेडत गेलात तरी व्याज शेवटपर्यंत पूर्ण सहा लाखांवरच धरलं जातं. सहा लाखांचे 8 टक्के म्हणजे वर्षाला 48,000, पाच वर्षांत 2,40,000. एकूण 8,40,000, म्हणजे 84,000 चे दहा हप्ते. हेच शिल्लक मुद्दलावर मोजलं, जसं बँक घटत्या शिल्लकीवर मोजते, तर दर सव्वातेरा टक्क्यांच्या वर जातो. फलकावर आठ, खिशातून तेरा. त्यात प्रोसेसिंग फी, फाईल चार्ज आणि कर्जासोबत चिकटवलेला जीवन विमा धरून 15,000 गेले, तर ट्रॅक्टर तुम्हाला 10,55,000 ला पडला. रोखीपेक्षा 2,95,000 जास्त.

1 ऑक्टोबर 2024 पासून नव्या किरकोळ कर्जांसाठी मुख्य तथ्य विवरणपत्र देणं बँका आणि फायनान्स कंपन्यांना बंधनकारक आहे. सगळे खर्च धरून वर्षाचा खरा दर, म्हणजे एपीआर, त्यात लिहिलेला असतो. सही करण्याआधी तो कागद हातात घ्या. दोन कंपन्यांची तुलना एपीआरवरच करा, एजंटनं तोंडी सांगितलेल्या टक्क्यावर नको.

मग सगळे पैसे रोख भरून मोकळं व्हायचं का? आमचं मत, नाही. हातातलं सगळं ट्रॅक्टरमध्ये घातलं आणि जूनमध्ये बी-बियाणं, खत, डिझेलला पैसा उरला नाही, तर कृषी सेवा केंद्राची उधारी नाहीतर खासगीत व्याजानं काढलेले पैसे. शेकडा तीन रुपये महिना म्हणजे वर्षाला 36 टक्के. त्यापुढं फायनान्स कंपनीचे तेरा स्वस्त वाटायला लागतात! एका हंगामाचा खर्च आणि घरातलं आजारपण-लग्नकार्य बाजूला काढून जे उरेल, तेवढंच ट्रॅक्टरला. पीक कर्जाच्या पैशाला तर हात लावूच नका. तीन लाखांपर्यंतचं पीक कर्ज मुदतीत फेडलं की पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत शेतकऱ्याला व्याज पडत नाही, आणि मुदत चुकली की ती सवलत जाते.

बऱ्याच जणांना मधला रस्ता परवडतो. वरच्याच उदाहरणात 4,60,000 स्वतःचे घातले आणि आपल्या बँकेकडून 3,00,000 तीन वर्षांसाठी, घटत्या शिल्लकीवर 11 टक्क्यांनी घेतले, तर सहामाही हप्ता 60,000 च्या आसपास बसतो आणि व्याज एकूण साधारण 60,000 जातं. आणि एक गोष्ट डीलर सहसा आपणहून सांगत नाहीत: बँकेचा डीडी आला की डीलरच्या दृष्टीनं तो रोखच व्यवहार असतो. त्यामुळं स्वतः आणलेल्या बँक कर्जावरही रोखीची सूट मागा. काही बँका मात्र जमीन तारण घेतात, सातबाऱ्यावर बोजा चढतो. फायनान्स कंपनी सहसा जमीन मागत नाही, तिचं काम दोन दिवसांत होतं ते त्यामुळंच. घाई नसेल तर बँकेचे हेलपाटे परवडतात, असं आम्हाला वाटतं.

हप्त्याची तारीख पिकाच्या पैशाशी जुळवून घ्या. सोयाबीनवाल्यांना नोव्हेंबर ठीक, तूर असेल तर फेब्रुवारी-मार्च. ऊसवाल्यांनी कारखान्याचं बिल लांबलं तर काय, हा विचार आधीच करावा. सलग हप्ते थकले की ट्रॅक्टर ओढून नेतात, सिबिल (कर्जफेडीची नोंद) बिघडतं आणि पुढचं पीक कर्जही अडतं.

रोख म्हणजे नोटांचं बंडल नव्हे. 2017 पासून एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रक्कम नोटांत घेता येत नाही, वेगवेगळ्या दिवशी तुकडे करूनही नाही. दंड घेणाऱ्याला आणि तोही तेवढ्याच रकमेचा, त्यामुळं आम्ही घेणार नाही. आरटीजीएस, चेक किंवा डीडी आणा.

22 सप्टेंबर 2025 पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्के झाला. तो कमी झालेला कर म्हणजे डीलरची सूट नव्हे. कोटेशनमध्ये कर आणि सूट वेगवेगळ्या ओळीत लिहून घ्या.

महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर अनुदानासाठी अर्ज केला असेल तर पूर्वसंमती हातात येईपर्यंत बुकिंग करू नका. आधी घेतलेल्या ट्रॅक्टरला अनुदान मिळत नाही.

शेवटचा हप्ता भरला की काम संपलं असं समजून बरेच जण कागद तसेच ठेवतात. फायनान्स कंपनीकडून एनओसी (ना हरकत दाखला) आणि फॉर्म 35 (कर्ज फिटल्याचा आरटीओचा फॉर्म) घ्या आणि आरटीओत आरसीवरचा बोजा उतरवा. जमीन तारण असेल तर बँकेचा दाखला तलाठी कार्यालयात देऊन सातबाराही कोरा करून घ्या. ट्रॅक्टर आमच्याकडून घेतला असेल तर आरटीओचे फॉर्म भरून देतो, त्याचे पैसे घेत नाही.