छोट्या स्टोरेज नेटवर्किंग कंपन्यांचं पुढे काय झालं?

स्टोरेज, म्हणजे संगणकांचा डेटा साठवायची यंत्रणा, काय असते हे पुण्यात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. व्हेरिटास या स्टोरेज सॉफ्टवेअर कंपनीचं विकास केंद्र नव्वदच्या दशकापासून इथे होतं. तिथे काम केलेल्या मंडळींनी २००८ मध्ये द्रुवा ही डेटा बॅकअप कंपनी काढली. सेनापती बापट रस्त्यापासून बाणेरपर्यंत व्हॉल्यूम मॅनेजर (डिस्कवरची जागा वाटणारं सॉफ्टवेअर) नाहीतर डिस्क ड्रायव्हर लिहिलेला माणूस सहज भेटतो. रिझर्व्ह बँकेने २००४ मध्ये परदेशी पैसे पाठवायची उदारीकृत योजना आणली. सुरुवातीची मर्यादा २५ हजार डॉलर होती, आता वर्षाला अडीच लाख डॉलर आहे. तेव्हापासून अशा माणसाला अमेरिकेतल्या एखाद्या छोट्या स्टोरेज नेटवर्किंग, म्हणजे सर्व्हर आणि डिस्क जोडणारं जाळं बनवणाऱ्या, कंपनीचा शेअर घेणंही शक्य झालं. आणि तो घेतो ते बहुतेक वेळा ‘माल चांगला आहे, मी आतून पाहिलाय’ या भरवशावर. या धंद्याचा इतिहास बघितला तर हा भरवसा अपुरा आहे.

मुळात हा धंदा एका अडचणीतून उभा राहिला. स्कझी या जुन्या पद्धतीच्या केबलने सर्व्हरला डिस्क जोडायच्या तर केबल साधारण १२ मीटर, फार तर २५, आणि एका केबलवर पंधरा डिस्क. प्रत्येक सर्व्हरचा साठा त्याच्यापुरता, शेजारच्याची जागा रिकामी पडली तरी वापरता येत नाही. १९९४ मध्ये फायबर चॅनेल या डिस्क जाळ्यावरून जोडायच्या पद्धतीला अमेरिकी मानकाचा दर्जा मिळाला आणि डिस्क सर्व्हरपासून सुटी झाली. मधे एक वेगळं जाळं आलं, तेच सॅन, म्हणजे स्टोरेज एरिया नेटवर्क. जुन्या सर्व्हर रूममधल्या नारिंगी फायबर केबल अनेकांना आठवत असतील. पुढे त्यांची जागा आकाशी केबलने घेतली.

पहिली फूट इथेच पडली. स्वस्तातला मार्ग होता लूपचा. सगळी यंत्रं एका हबवर, म्हणजे जोडणीच्या सामाईक पेटीवर, आणि वेग सगळ्यांत वाटून, वाड्यातल्या सामाईक नळासारखा. एक सर्व्हर रीस्टार्ट झाला तरी अख्खं लूप नव्याने जुळवून घ्यायचं. महागडा मार्ग म्हणजे फॅब्रिक स्विच, त्यावरच्या प्रत्येक पोर्टला, म्हणजे जोडणीला, पूर्ण वेग. गॅडझूक्स हबच्या बाजारात आघाडीवर होती, ब्रोकेडने पहिल्यापासून स्विचवर भर दिला. दोघी १९९९ मध्ये शेअर बाजारात आल्या, ब्रोकेड मे महिन्यात १९ डॉलरला, गॅडझूक्स जुलैत. गॅडझूक्सला फॅब्रिक स्विच बाजारात आणायला उशीर झाला. २००२ मध्ये ती दिवाळखोरीत गेली आणि २००३ मध्ये तिची मालमत्ता ब्रॉडकॉम या चिप कंपनीने घेतली. तिसरी व्हिक्सेल, तीही १९९९ चीच, २००३ मध्ये सर्व्हरमधली जोडणीची कार्डं बनवणाऱ्या एम्युलेक्सकडे गेली.

इथवर वाचून वाटेल की तंत्रज्ञान बरोबर निवडलं की झालं. तसं नाही. सॅन स्विच शेवटच्या ग्राहकाला थेट फारसा विकला जात नाही. तो डेल (पूर्वीची ईएमसी), एचपीई (पूर्वी एचपी), आयबीएम यांच्यासारख्या मोठ्या स्टोरेज विक्रेत्यांच्या नावाने, त्यांच्या स्टोरेजबरोबर जातो. त्याआधी क्वालिफिकेशन असतं. हा स्विच, ते होस्ट कार्ड (सर्व्हरमधलं जोडणीचं कार्ड), अमुक ऑपरेटिंग सिस्टिम, तमुक फर्मवेअर (यंत्रातच बसवलेलं सॉफ्टवेअर), अशी प्रत्येक जोडी लॅबमध्ये तपासायची. महिनोन्‌महिने ते चालतं. फर्मवेअर बदललं की बरंचसं पुन्हा. मोठ्या कंपनीला हे जड जात नाही. छोटीला त्यातच इंजिनीअर, यंत्रं आणि रोकड सगळं अडकवून ठेवावं लागतं. शिवाय एकदा मान्यता मिळालेला माल मोठी कंपनी सहसा बदलत नाही, त्यामुळे नव्या छोट्या कंपनीला दार उघडतच नाही. चांगला माल असूनही.

दार उघडलंच, तरी धोका वेगळ्या बाजूने येतो. मॅकडेटा ही स्विच कंपनी ईएमसीच्या घरातलीच, २००० मध्ये बाजारात आली. तिची निम्म्याहून अधिक विक्री बरीच वर्षं एकट्या ईएमसीला होती. २००२ मध्ये सिस्को एमडीएस नावाचे सॅन स्विच घेऊन उतरली, ईएमसीसमोर आणखी एक पर्याय आला. २००७ च्या जानेवारीत मॅकडेटा ब्रोकेडमध्ये विलीन झाली. डॉट हिलचं उदाहरण मला याहून बोलकं वाटतं. ती स्विचवाली नव्हे, डिस्क अ‍ॅरे, म्हणजे अनेक डिस्क एकत्र चालवणारी पेटी, बनवणारी. २००२ च्या करारानंतर सन मायक्रोसिस्टिम्स या सर्व्हर कंपनीमुळे ती वर आली. २००५ मध्ये सनने स्टोरेजटेक ही स्टोरेज कंपनीच विकत घेतली आणि पुढे सनकडची विक्री आटत गेली. नंतर एचपीने तिला हात दिला. २०१५ मध्ये सीगेटने ती ६९ कोटी ४० लाख डॉलरला घेतली.

म्हणून अमेरिकी कंपनीच्या वार्षिक अहवालात, म्हणजे टेन-के मध्ये, मी सर्वांत आधी ग्राहकांचा तक्ता उघडतो. उत्पन्नाच्या दहा टक्के किंवा जास्त वाटा एका ग्राहकाकडून येत असेल तर ते सांगावंच लागतं. तिथे दोन ग्राहकांत साठ-सत्तर टक्के दिसले, तर पुढची नफ्याची पानं मी वेगळ्या नजरेने वाचतो.

विजेत्याचं काय झालं, हेही लक्षात ठेवायला हवं. ब्रोकेडने २००८ मध्ये फाउंड्री ही कंपनी घेऊन इथरनेटमध्ये, म्हणजे नेहमीच्या संगणक जाळ्यांच्या धंद्यात, उडी मारली. २०१७ मध्ये ब्रॉडकॉमने साडेपाच अब्ज डॉलरला ती विकत घेतली तेव्हा फायबर चॅनेल ठेवलं आणि इथरनेट, वायफाय दुसऱ्यांना विकून टाकलं. होस्ट कार्डवाल्या एम्युलेक्स आणि क्यूलॉजिक २०१५ आणि २०१६ मध्ये आधीच दुसऱ्या कंपन्यांकडे गेल्या होत्या. आज फायबर चॅनेल स्विच म्हटलं की ब्रॉडकॉम आणि सिस्को, दोनच नावं घ्यायची.

नव्या पिढीत, म्हणजे एनव्हीएमई ओव्हर फॅब्रिक्समध्ये (वेगवान फ्लॅश डिस्क जाळ्यावरून जोडायची पद्धत, पहिलं मानक २०१६ चं), छोट्या कंपन्या पुन्हा निघाल्या. कझान वेस्टर्न डिजिटलने २०१९ मध्ये घेतली, त्याच वर्षी ई८ अ‍ॅमेझॉनने, एक्सेलेरो २०२२ मध्ये एनव्हिडियाने. तिन्ही खाजगी होत्या, बाजारात कधी आल्याच नाहीत. पुण्यातल्या गुंतवणूकदाराला मिळतात त्या बाजारात नोंदलेल्या. तेव्हा अशी एखादी स्वस्त दिसली, तर तिला अजून कुणी उचललं का नाही, याचं उत्तर आधी शोधावं लागतं.