काळी पडली म्हणजे खपली धरली असं नाही

शेजारच्या काकूंच्या हातावर पऱ्हाटीची चूल पेटवताना भडका उडाला, त्याला आता पंधरा दिवस झाले. परवा पट्टी बदलताना जखमेत काळसर डाग दिसले, तर बघायला आलेल्या बाया म्हणतात, "खपली धरली न माय, आता सुकते." ते ऐकून जीव घाबरला, कारण भाजलेल्या जखमेतला काळा डाग आत घुसलेल्या बुरशीचाही असू शकतो. मी म्हटलं आधी दवाखान्यात चला.

कातडी जळली की कुंपणच गेलं. मोठं भाजलं असेल तर अंगातली प्रतिकारशक्तीही ढासळते, त्यात ॲन्टिबायोटिकनं जिवाणू मरतात पण बुरशी मरत नाही, म्हणजे सोयाबीनमधलं रुंद पानाचं तण मारलं की गवत माजतं तसंच. कॅन्डिडा नावाची बुरशी तर आपल्या आतड्यातच असते, ॲस्परजिलस अन् म्युकर या बुरश्या माती-कुटारातून उडून येतात. म्युकर म्हणजे २०२१ मध्ये कोरोनानंतर ज्याच्यामुळं लोकांचे डोळे काढावे लागले तोच.

खरी गोष्ट पुढं आहे. म्युकरच्या गटातली रायझोपस नावाची बुरशी वर पसरून थांबत नाही, ती रक्तवाहिनी शोधते. तिच्या अंगावर कॉटएच नावाचं प्रथिन असतं, ते रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरावरच्या जीआरपी७८ नावाच्या प्रथिनाला कुलपात किल्ली बसावी तसं बसतं, मग तंतू भिंत फोडून आत घुसतो, तिथं रक्ताची गुठळी होते आणि पुढचं मांस रक्ताविना मरून काळं पडतं. संत्र्याच्या बागेत ठिबकची नळी बुजली की पुढची झाडं वाळतात, आणि त्याच नळीतून खत सोडलं तरी त्यांना मिळत नाही, बघितलंय न? इथंही अगदी तसंच, ॲम्फोटेरिसिन हे बुरशीचं औषध शिरेतून दिलं तरी मेलेल्या भागात रक्तच जात नाही तर औषध कुठून जाईल? म्हणून सर्जन आधी मेलेलं मांस कापून काढतात. घरच्यांना वाटतं डॉक्टर उगाच कापतात.

बोळा फिरवून केलेली तपासणी फक्त वरचं सांगते. आत घुसली का हे कळायला मांसाचा छोटा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघावा लागतो, त्यात म्युकरचे तंतू रुंद, फितीसारखे, जवळपास काटकोनात फुटलेले, तर ॲस्परजिलसचे बारीक, गाठीगाठीचे दिसतात. औषध त्यावरून ठरतं.

अन् कोणी "बाहेरचं लागलं" म्हणून अंगारा लावला, किंवा शेण-माती थापली, तर बुरशीचे बीजाणू आपण हातानंच जखमेत पेरतो. भाजल्याबरोबर वीस मिनिटं साधं वाहतं पाणी, वर स्वच्छ कापड, आणि सरळ दवाखाना. काकूंचा तुकडा तपासायला गेलाय, रिपोर्ट यायचा आहे.