फुलपाखरू, अंदाज आणि मृग बहार: केऑसवरील पुस्तकाच्या नागपुरातील वादाची पार्श्वभूमी

केऑस सिद्धांताची, म्हणजे सुरुवातीचा किरकोळ फरक पुढे प्रचंड कसा वाढतो या विषयाची, ओळख करून देणारं जेम्स ग्लाइक यांचं 'केऑस' हे गाजलेलं इंग्रजी पुस्तक १९८७ साली आलं. पत्रकारानं लिहिलेलं, समीकरणं जवळजवळ टाळून. नागपुरातल्या वाचकांमध्ये त्यावर सरळ दोन तट आहेत. एका बाजूचं म्हणणं असं की, दहावीनंतर गणित सुटलेल्या माणसाला हा विषय दुसऱ्या कुठल्या वाटेनं कळलाच नसता. दुसऱ्या बाजूला इंजिनीअरिंग कॉलेजात शिकवून निवृत्त झालेले बरेच जण आहेत. त्यांच्या मते वाचकाच्या हाती गोष्टी लागल्या, विषय निसटला.

तिसरं मत काटोल-नरखेडकडे संत्र्याच्या बागा असलेल्या वाचकांचं आहे आणि हे टिपण मुख्यतः त्यासाठी आहे. हवामान मुळातच सांगता येत नाही असं विज्ञानानंच सिद्ध केलंय, मग नागपुरातल्या सोनेगावच्या हवामान केंद्राचा अंदाज ऐकायचा कशाला, असा अर्थ त्यांनी पुस्तकातून काढला. तो चुकीचा आहे. पण तो असाच निघावा अशी सोय या विषयाच्या लोकप्रिय मांडणीत आधीपासून होती.

फ्रेंच गणितज्ञ प्वांकारे यांनी १८९० मध्ये तीन वस्तूंच्या गुरुत्वाकर्षणाच्या प्रश्नात केऑसची ही गुंतागुंत पाहिली होती. पण हाती संगणक नसताना ती पुढे नेणं अवघड होतं. आजच्या वादाची मुळं त्यानंतर सत्तर वर्षांनी सापडतात.

१९६१ साली हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्झ अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत बारा चलांचं (बदलत्या राशींचं) एक छोटं हवामान-मॉडेल संगणकावर चालवत होते. एक गणित पुन्हा तपासायचं म्हणून त्यांनी मधूनच आकडे भरले. यंत्राच्या आत ०.५०६१२७ होता, कागदावर छापून आलेला ०.५०६. सुरुवातीला दोन्ही आलेख जुळले, पुढे एकमेकांना ओळखेनासे झाले. त्यावरचा निबंध १९६३ मध्ये हवामानशास्त्राच्या नियतकालिकात आला आणि गणितज्ञांच्या नजरेस पडायला बरीच वर्षं गेली.

फुलपाखरू आलं ते १९७२ च्या डिसेंबरात, वॉशिंग्टनच्या एका परिषदेत. ब्राझीलमध्ये फुलपाखरानं पंख हलवले तर टेक्सासात टोर्नेडो (भोवऱ्यासारखं वादळ) उठेल का, हे भाषणाचं शीर्षक लॉरेन्झ यांनी दिलेलंच नव्हतं, सत्राच्या आयोजकानं दिलं. भाषणात लॉरेन्झ यांनी सुरुवातीलाच बजावलं होतं की पंखांच्या फडफडीनं वादळ उठू शकत असेल, तर तितक्याच सहज ते टळूही शकतं. म्हणजे फुलपाखरू वादळाचं कारण नव्हे. सुरुवातीची स्थिती आपल्याला कधीच पूर्ण अचूक मोजता येत नाही आणि ती चूक वाढत जाते, एवढाच त्याचा अर्थ. लोकांच्या लक्षात मात्र शीर्षक राहिलं. पुस्तकाचं पहिलं प्रकरणही फुलपाखराच्याच नावानं सुरू होतं. हा निर्णय वाचक खेचण्यासाठी योग्य होता, पण त्याची किंमत मोठी पडली. पुढची सगळी प्रकरणं वाचूनही माणूस फुलपाखरापाशीच थांबतो, हे नागपुरातल्या चर्चांमधून पुन्हा पुन्हा दिसतं.

चूक किती वेगानं वाढते, हा खरा प्रश्न. लॉरेन्झ यांनी १९६९ मध्ये त्याचा हिशोब मांडला आणि रोजच्या हवामानाच्या तपशिलाला साधारण दोन आठवड्यांची मर्यादा धरली जाऊ लागली. दोन आठवडे म्हणजे शून्य नव्हे.

पुस्तक बाहेर पडल्यावर पाच वर्षांनी जे घडलं ते त्यात असणं शक्यच नव्हतं, आणि वादात नेमकं तेच गळतं. १९९२ च्या डिसेंबरात युरोप आणि अमेरिका दोन्हीकडच्या केंद्रांनी एकाच अंदाजाऐवजी किंचित वेगवेगळ्या सुरुवातींपासून अनेक अंदाज चालवायला घेतले. ते एकमेकांशी जुळले तर भरवसा जास्त, विखुरले तर कमी. केऑस मान्य केल्यामुळेच अंदाजाला स्वतःची खात्री सांगता येऊ लागली. भारतात २०१८ च्या जूनपासून १२ किलोमीटरच्या जाळीवर (नकाशाचे तेवढ्या अंतराचे चौकोन पाडून) असे २१ अंदाज एकत्र चालतात.

इथे कुणीतरी २००२ चा दाखला हमखास देतं. त्या वर्षी मान्सून सरासरीच्या १०१ टक्के सांगितला होता आणि देशात पाऊस १९ टक्के कमी पडला. विदर्भातल्या कोरडवाहू शेतकऱ्याचा राग समजण्यासारखा आहे. पण तो अंदाज १९८८ पासून वापरात असलेल्या सोळा घटकांच्या सांख्यिकी मॉडेलचा होता. जुन्या वर्षांतले संबंध पुढे ताणायचे, ही त्याची रीत. वातावरणाची समीकरणं त्यात सोडवलेलीच नव्हती, त्यामुळे त्या फसगतीत लॉरेन्झ यांना साक्षीला बोलावता येत नाही. उलट चर्नी आणि शुक्ला या हवामानशास्त्रज्ञांनी १९८१ मध्येच दाखवलं होतं की, उष्ण कटिबंधात संपूर्ण हंगामाचा कल समुद्राच्या तापमानासारख्या सावकाश बदलणाऱ्या गोष्टींवर बराच अवलंबून असतो. अमुक तारखेचा पाऊस दोन महिने आधी सांगता येणार नाही, हंगामाबद्दल मात्र काही सांगता येतं.

संत्र्याचा मृग बहार धरणाऱ्याला हा फरक पैशात कळतो. उन्हाळ्यात बागेचं पाणी तोडून ताण द्यायचा आणि जूनच्या पावसावर फूल काढायचं. ताण लांबला तर झाडं खचतात. कपाशीची धूळपेरणी (पावसाआधीच कोरड्या मातीत पेरणी) करणाऱ्याचंही तसंच, पाऊस मागे सरला की दुबार पेरणी. दोघांनाही हवा असतो पुढच्या आठ-दहा दिवसांचा अंदाज, आणि तो फुलपाखराच्या दोन आठवड्यांच्या कुंपणाच्या आतला आहे.

समीकरणं हवीत म्हणणाऱ्यांची आणखी एक तक्रार रास्त आहे. जपानच्या आणि सोव्हिएत संघातल्या संशोधकांना पुस्तकात मोजकीच जागा मिळाली. या तक्रार करणाऱ्यांची मुख्य सूचना मात्र साधी आहे. शून्य आणि एकच्या मधली कुठलीही संख्या घ्या, एकातून ती वजा करा, दोन्हींचा गुणाकार करा, आलेल्या उत्तराला चारनं गुणा, आणि मिळेल त्या संख्येवर पुन्हा हेच करा. एकदा ०.३ पासून, एकदा ०.३००१ पासून. मोबाइलवर दहा मिनिटांचं काम. गोष्टींच्या बाजूचे वाचक म्हणतात, हे पुस्तक संपल्यावर करू. मला ते आधीच करून घ्यावंसं वाटतं. बाराव्या पायरीला एकीकडे ०.५५ येतात, दुसरीकडे ०.१५. सातव्या पायरीला मात्र दोन्हीकडचे आकडे ०.८७ आणि ०.८६ असतात.