मूल घोरतंय, म्हणजे गाढ झोपलंय?

मूल घोरायला लागलं की घरातले कौतुकाने म्हणतात, "दमलाय, ढाराढूर झोपलाय!" सर्दीतलं चार दिवसांचं घोरणं सोडा. पण रोज घोरणाऱ्या मुलाजवळ रात्री दहा मिनिटं बसून बघा. तोंड उघडं, मान मागे टाकलेली, श्वास घेताना पोट फुगतंय आणि छाती मात्र आत ओढली जातेय. मधेच आवाज थांबतो. छाती-पोट हलतच असतात, हवा जात नाही. मग हुंदक्यासारखा एक श्वास, कूस बदलणं आणि पुन्हा घोरणं. हा स्लीप अ‍ॅप्निया, म्हणजे झोपेत श्वास पुन्हापुन्हा अडण्याचा विकार.

खरी गंमत घशात आहे. श्वासनलिकेला कूर्चेची कडी असतात, म्हणून ती मिटत नाही. तिच्या वरचा घसा मऊ, कारण त्याला गिळायचं आणि बोलायचंही असतं. भिजलेली कागदी स्ट्रॉ जितक्या जोरात ओढाल तितकी चपटी होते, घशाचंही तसंच. जागेपणी जिभेचे स्नायू तो ताणून धरतात, झोपेत ते सैलावतात. त्यात घशाची ही नळी मुळातच अरुंद असेल तर? त्रिज्या निम्मी झाली की हवेला होणारा रोध 16 पट! (हे गणित संथ प्रवाहाचं. घशात भोवरे उठतात, तेव्हा प्रत्यक्षात आणखी वाईट.) रक्तातला ऑक्सिजन घटतो, कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि मेंदू क्षणभर जागा होऊन स्नायू ताणतो. सकाळी यातलं काही आठवत नाही.

मुलांमध्ये नळी अरुंद करतात त्या मुख्यतः वाढलेल्या गाठी, म्हणजे घशातले टॉन्सिल आणि नाकामागचे अ‍ॅडेनॉइड, विशेषतः 2 ते 8 या वयात. अशी मुलं दिवसा पेंगतातच असं नाही. उलट अस्थिर, चिडचिडी होतात आणि मस्तीखोर म्हणून बोलणी खातात. दचकून उठणाऱ्या मुलाला बाधा झालेली नसते, त्याला हवा हवी असते. आणि झोपेत नाकानेच श्वास घ्यावा म्हणून तोंडाला चिकटपट्टी लावण्याचं नवं खूळ? नाक बंद असलेल्या मुलावर तो प्रयोग चुकूनही नको. कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. बहुतेकदा गाठी काढल्यावर फरक पडतो.

गरोदरपणातही घोरणं सुरू होतं, पण तिथे सहसा गाठींचा प्रश्न नसतो. इस्ट्रोजेनमुळे नाकाचं अस्तर सुजतं, वजन वाढतं, गर्भाशय श्वासपटलाला वर रेटतं. शेवटच्या तिमाहीत नव्याने सुरू झालेलं घोरणं डॉक्टरांना सांगावं, कारण त्याचा संबंध वाढत्या रक्तदाबाशी आणि गरोदरपणातल्या मधुमेहाशी आढळतो. रात्री पाय वळवळून झोप उडत असेल तर तो वेगळा विकार. तिथे शरीरातलं लोह तपासतात.

अ‍ॅप्निया ठरला तर सीपॅप यंत्र गरोदरपणातही वापरता येतं. 1981 मध्ये ऑस्ट्रेलियन डॉक्टर कॉलिन सुलिव्हान यांनी मांडलेली ही युक्ती साधी आहे: नाकावाटे सतत थोड्या दाबाने हवा सोडायची. स्ट्रॉ ओढण्याऐवजी तिच्यात फुंकर मारली, की ती मिटत नाही.